रंगाचा हात

थिनर आधी बंपरच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं,
जिथे कुणाची नजर जात नाही.
अर्ध्या मिनिटात प्लास्टिक पांढरं पडलं,
चिकट झालं,
आणि माझ्या बोटाचा ठसा कायमचा तिथे राहिला.

ब्लेड नको. पॉलिश पेपर तर नकोच.
राजदूत दुरुस्त करणारा उद्धव भोयर म्हणाला,
"ब्रेक ऑइलात बुडव ना बे, सालपटावानी निघते."
निघाला.
पण दोन दिवसांनी चाकाची एक वाटी
हातात कटकन तुटली, पापडासारखी.

मग कोरोनातला कॅन आठवला,
ग्रामपंचायतीने वाटलेलं सॅनिटायझर, अर्ध्याच्या वर शिल्लक,
जळक्या वायरींच्या ढिगाखाली.
श्रीखंडाच्या डब्यात एकेक भाग निजवला:
बॉडी, मागचा पंख, बॅटरीचं झाकण, तीन वाट्या.
झाकण घट्ट. रात्रभर.
घाई करायची नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.
वार्निश वाळल्याशिवाय मोटार लावू नका, सांगतो.
ऐकत नाहीत. पुन्हा जाळून आणतात.

सकाळी हिरवा सैल झाला होता,
भिजवलेल्या वालाचं साल सुटावं तसा.
पोरीचा जुना टूथब्रश,
कोपऱ्यांसाठी पऱ्हाटीची काडी टोक काढून,
ती प्लास्टिकपेक्षा मऊ आणि रंगापेक्षा हट्टी.
पुसायला घरचाच कापूस, सरकी काढून.

"हे काय खेयनं घेऊन बसले?" बायको म्हणाली.
म्हटलं, गिऱ्हाइकाचं आहे.
तसं ते खोटं नव्हतं.

हिरवा तान्ह्या पोळ्याचा.
बाबांनी माझ्या नंदीच्या चाकांना लावून
वाटीभर उरवला होता.
मी दहा वर्षांचा. कोठ्यात, कडब्याच्या मागे,
एका दुपारी अख्खी गाडी हिरवी केली,
दुसऱ्या दिवशी दुसरा हात दिला,
कुणी ओळखू नये म्हणून.

गाडी कंपाउंडर चाफल्यांच्या निरंजनची.
बोकारोच्या मामाने आणलेली.
जिनिंगच्या पटांगणात धावायची,
रिमोट त्याच्या हातात
आणि आम्ही सतरा पोरं तिच्या मागे.
मी फक्त गाडी उचलली.
रिमोट त्याच्याकडेच राहिला.
म्हणजे पस्तीस वर्षं
माझ्याकडे होती ती कधी चालली नाही,
आणि त्याच्याकडे होता तो
कशालाच चालवू शकला नाही.

कितीदा डब्यातलं पाणी बदललं.
तिसऱ्या दिवशी पिवळं उघडं पडलं,
सपाट, कुठे ओरखडा नाही, कुठे तडा नाही.
शेवटच्या पाण्यात थोडा तांबूस गाळ होता.
वाटलं, माती असेल.
नालीत ओतून दिला.

निरंजनचं आता आर्वीला मेडिकल आहे.
काउंटरवर गाडी ठेवली.
सगळं सांगितलं, कोठा, कडबा, दोन्ही हात.
मध्येच एक जण खोकल्याचं औषध घेऊन गेला.
निरंजनने चश्मा लावला, गाडी उलटी केली,
चाकं फिरवली, एक वाटी नाही तेही पाहिलं.
"चकाचक केली रे," म्हणाला.
"पन हे माही नाही.
माही तं लाल होती.
मामानं दुकानातून मुद्दाम लाल मारून आनली होती,
पिवळी मले आवडत नोहती."

चहा सांगितला त्याने. मी प्यालो.
गाडी पेपरात गुंडाळून परत दिली त्याने,
"ज्याची असन त्याले देजो."

येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना
नांगरून ठेवलेली वावरं.
पुलाजवळ मी स्कूटर थांबवली.
पाहत राहिलो.
आपल्याकडे माती काळी.